आईचे वर्षभरात तीन सीटी झाले, आता चौथा सांगून राहिले. रेडिएशनचं किती टेन्शन घ्यायचं?

दिघोरी_नाका (रविवार, रात्री १०.४०)

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. आई ६४ वर्षांची. मार्चच्या शेवटी रात्री दोन वाजता कमरेतून अशी कळ निघाली की बाथरूमच्या दारातच बसली, उलट्या सुरू, कारमध्ये टाकून जे जवळ होतं त्या हॉस्पिटलात नेलं. तिथं रातोरात सीटी. डाव्या बाजूला नळीत अडकलेला मुतखडा, ७ एमएम. दोन दिवस सलाईन, गोळ्या, घरी. मग ओळखीतल्या एकानं दुसऱ्या सर्जनचं नाव सुचवलं, त्यांनी विचारलं आधीची सीडी कुठे आहे, आता ती सीडी पहिल्या हॉस्पिटलनं दिलीच नव्हती की आमच्याकडून हरवली यावर घरात आजही एकमत नाही, नुसता कागदाचा रिपोर्ट होता, तर ते म्हणाले मला चित्र बघायचंय, नवीन काढा. झाला दुसरा सीटी. जूनमध्ये ताप आणि परत दुखणं, तेव्हा तिसरा, तो शिरेतून औषध सोडून, टेक्निशियन म्हणाला यात आजींना तीन-चार वेळा मशीनमधून काढावं लागेल. शेवटी दुर्बिणीनं खडा काढला, स्टेंट टाकला, मग तोही काढला. आता आई एकदम मस्त आहे, पोहे खाते, भांडते.

परवा फॉलोअपला गेलो तर चिठ्ठीवर परत सीटी. "काही राहिलं तर नाही ना, एकदा बघून घेऊ." लक्षणं काहीच नाहीत.

त्यात जावयांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं की एक सीटी म्हणजे ४०० एक्सरे. आईनं ते मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून म्हणते, "बाराशे एक्सरे झाले माहे, आता मले काय जाळूनच टाकता का?" मी सीटीला नाही म्हणू की हो म्हणू? हे रेडिएशन अंगात साठून राहतं का? कोणी जाणकार असेल तर साध्या भाषेत सांगा, नेटवर वाचलं की झोप उडते.

रात्रीचा_पानठेला (रविवार, रात्री १०.५८)

भाऊ सीटीचं सोडा, तुमच्या गच्चीसमोर मोबाईलचं टॉवर आहे का ते पाहा आधी. आमच्या लाईनीत टॉवर लागल्यापासून चिमण्या दिसणं बंद झालं. कॅन्सर तिथूनच येऊन राहिला सगळा.

अंधारखोली (रविवार, रात्री ११.२५)

दिघोरीवाले दादा, मी ३१ वर्षं एक्सरे टेक्निशियन म्हणून काढली, थोडी सरकारी, बाकी खाजगी. नाव असं का घेतलं तर आमच्या वेळी फिल्म धुवायला खरंच अंधारी खोली असायची, लाल दिवा, हायपोचा वास, हाताची बोटं पिवळी. आता काय, बटण दाबलं की स्क्रीनवर चित्र.

पहिली गोष्ट, साठत नाही. बटण सोडलं की किरण संपले, जसा ट्यूबलाईट बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं. आई मशीनमधून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात काहीही शिल्लक नव्हतं. लोक मला विचारायचे, एक्सरे काढून घरी गेल्यावर नातवाला उचलू का. अहो खुशाल उचला. उरतं ते काय, तर किरण जाता जाता पेशीत जी मोडतोड करून जातात ती, आणि त्यातलीही बहुतेक शरीर स्वतःच दुरुस्त करतं.

आणि आम्ही रोज त्या खोलीशेजारी उभे राहणारे. छातीला टीएलडी बॅज असतो, म्हणजे आम्हाला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला, ऍप्रनच्या आत लावायचा, तीन महिन्यांनी तपासायला जातो, रिपोर्ट येतो. नियमाप्रमाणे आमची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचं माप), पाच वर्षांत १०० च्या वर नाही आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. जनतेसाठी १. माझा रिपोर्ट बहुतेक वेळा शून्याच्या आसपास. एकदा आमच्या एका पोट्ट्याचा भलता मोठा आकडा आला, चौकशीचं पत्र आलं, घरी बायको रडायला लागली त्याची. शोधलं तर कळलं की हा गडी बॅज ऍप्रनलाच टोचून ऍप्रन चेस्ट स्टँडच्या बाजूच्या खुंटीला टांगून घरी जायचा, म्हणजे दिवसभराचे सगळे एक्सरे बॅजनं खाल्ले, तो बिचारा कोरडाच.

काळं_पांढरं (सोमवार, सकाळी ७.१०)

मी रेडिओलॉजिस्ट. ओपीडीच्या आधी लिहितोय, चुकभूल माफ.

४०० चा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण तो खोटा नाही आणि तरी फसवा आहे. मे २०२१, दुसरी लाट. तेव्हा नागपुरात काय चाललं होतं आठवतं ना, ज्याला त्याला एचआरसीटी म्हणजे छातीचा सीटी, लोक एकमेकांना नमस्कार करायच्या ऐवजी "स्कोअर किती आला" विचारायचे, साधी सर्दी झालेली पोरंसुद्धा रांगेत. त्या वेळी एम्स दिल्लीचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्सरे, उगाच करू नका. आमच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं लगेच उत्तर दिलं की हा जुना हिशोब आहे, आताचा अल्ट्रा लो डोस सीटी ५ ते १० एक्सरेइतका असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. छातीचा एक एक्सरे म्हणजे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. नेहमीच्या सेटिंगवर छातीचा सीटी ६-७. भागाकार करा, ३००-३५० येतातच. पण ज्यानं भागताय तो आकडाच चिमूटभर आहे, म्हणून उत्तर डोंगराएवढं दिसतं.

दुसऱ्या मापानं बघा. जमीन, हवेतला रेडॉन वायू, आकाशातून येणारे किरण, जेवणातलं पोटॅशियम, हे सगळं धरून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आपोआप मिळतं. पोटाचा सीटी साधारण १०, म्हणजे चार वर्षांचं नैसर्गिक एका झटक्यात. आईंचे पहिले दोन मिळून २० धरा, तिसरा कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध सोडून तीन-चार फेऱ्यांचा, तो २५ च्या आसपास गेला असेल. एकूण ४५ समजू. नक्की आकडा हवा असेल तर सीटीच्या सीडीत डोस रिपोर्टचं एक पान असतं, त्यावर डीएलपी, म्हणजे त्या सीटीत दिलेल्या मात्रेचा आकडा, लिहिलेला असतो, तो पाठवा, मी गुणून देतो.

आता याचा अर्थ काय. आंतरराष्ट्रीय समित्या जो हिशोब धरतात त्यानं १० मिलिसिव्हर्टला जीवघेण्या कॅन्सरची जादाची शक्यता साधारण २००० मध्ये १. म्हणजे ४५ ला साधारण ४५० मध्ये १, आणि ही सगळ्या वयांची सरासरी. ६४ व्या वर्षी ती बरीच कमी, कारण किरणांनी होणाऱ्या गाठी उगवायला दहा-वीस वर्षं लागतात. आणि मुळात भारतात दर ९ जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो असा अंदाज आहे. त्या डोंगरात ही एक खडी. पण खडी आहे, नाही असं मी म्हणणार नाही.

उरलेलं दुपारी लिहितो, पेशंट आलेत.

दिघोरी_नाका (सोमवार, सकाळी ९.०२)

डॉक्टरसाहेब, खूप आभार. ४५० त एक ऐकून आधी धस्स झालं, मग पुढचं वाचलं. एक शंका, शरीर दुरुस्त करतं म्हणता तर मग शक्यता शून्य का नाही?

काळं_पांढरं (सोमवार, दुपारी २.३५)

चांगला प्रश्न. जेवता जेवता लिहितो.

आपण बरेचसे पाणीच. एक्सरेचा कण आत शिरला की तो बहुतेक वेळा पाण्याच्या रेणूवर आदळतो, इलेक्ट्रॉन उडवतो, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा एक भामटा तयार होतो, तो सेकंदाचा अतिसूक्ष्म भाग जगतो पण तेवढ्यात शेजारी डीएनए असेल तर त्याला चावतो. कधी कधी किरण सरळ डीएनएलाच लागतात. डीएनए दोन बाजूंच्या शिडीसारखा, त्या शिडीची एक बाजू तुटली तर समोरची बाजू बघून पेशी ती हुबेहूब जोडते, हे काम रोज चालूच असतं, श्वास घेतला तरी चालू असतं. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी तुटल्या तर अंदाजानं टोकं जोडावी लागतात, आणि अंदाजपंचे जोडणीत कधी तरी चुकीचं टोक चुकीच्या टोकाला. बहुतेकदा अशी पेशी मरते, बरं होतं. क्वचित एखादी जगते, चूक घेऊन जगते, पुढे वाढते.

म्हणून दोन वेगळे परिणाम. एक मे महिन्यातल्या उन्हासारखा. नवतपात डोक्याला दुपट्टा न बांधता चार तास उभं राहा, उष्माघात ठरलेला, दहा मिनिटं उभं राहिलात तर काही नाही. त्याला उंबरठा असतो. कातडीला २ ग्रे (मात्रेचंच दुसरं माप, एक्सरेत १ ग्रे म्हणजे १००० मिलिसिव्हर्ट धरा) एकदम मिळाले तर लाल होते, ३ ला केस गळतात, पूर्ण शरीराला ४ ग्रे मिळाले आणि उपचार नाहीत तर निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात, कारण रक्त तयार करणारी मज्जा आणि आतड्याचं अस्तर, जिथं पेशी सतत विभागत असतात, तिथंच आधी मार बसतो. सीटीत पोटाला मिळतं त्याच्या शेकडो पट आहे हे. दुसरा परिणाम हेल्मेट न घालता वर्धा रोडवर गाडी चालवण्यासारखा. प्रत्येक खेपेला थोडी थोडी जोखीम, खेपा वाढल्या की शक्यता वाढते, पण आपटलात तर पहिल्या खेपेला आपटा की शंभराव्या, लागायचं ते तेवढंच लागतं. कॅन्सर या दुसऱ्या जातीचा. खाली उंबरठा आहे की नाही यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, म्हणून सावधगिरी म्हणून नाही असं धरतात.

दगडफोड्या (सोमवार, संध्याकाळी ५.४८)

भांडतात म्हणालात म्हणून आलो, डॉक्टर. मी भूगर्भवाला, उभी नोकरी युरेनियम शोधण्यात गेली, गळ्यात मोजयंत्र अडकवून रानोमाळ. नागपूरकरांना एक गंमत सांगतो. आपलं शहर बरोबर शिवेवर बसलंय. पश्चिमेकडे सेमिनरी हिल्स वगैरे काळा बेसाल्ट, पूर्वेकडे जुना नाईस, ग्रॅनाईटचा भाऊ. बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम फार कमी, ग्रॅनाईट जातीत जास्त. बेसाल्टवरून तिकडे गेलात की मोजयंत्राची टकटक वाढणार. म्हणून कोणी सदरची माणसं पारडीपेक्षा जास्त जगतात असं ऐकलंय का?

खरी मजा केरळात. करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्याची वाळू मोनाझाईटची, थोरियमनं भरलेली. तिथं काही काही ठिकाणी नैसर्गिक मात्रा जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट. पिढ्यान् पिढ्या लोक तिथंच मासे सुकवतात, पोरं वाळूत खेळतात. त्या भागातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, २००९ मध्ये निकाल छापला, त्या किरणांमुळे कॅन्सर जास्त दिसला नाही. मग तुमचा २००० त १ कुठे गेला?

काळं_पांढरं (सोमवार, रात्री ९.२०)

काका, केरळचा अभ्यास मलाही आवडतो, पण तिथली मात्रा रोज थोडी थोडी, आयुष्यभर वाटलेली, सीटीची दहा सेकंदांत. वर्षभर रोज एक वाटी दारू आणि एका रात्रीत खंबा, सारखं का? दुसरीकडे फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुउद्योगातल्या कामगारांचा बॅजचा हिशोब लावला तेव्हा कमी मात्रेतही थोडी वाढ दिसलीच. आणि लहान मुलांचं सांगतो, ब्रिटनमधला २०१२ चा लॅन्सेटमधला अभ्यास, दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचा सीटी केला तर पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) एक आणि मेंदूच्या गाठीची एक जादा केस असा अंदाज. दहा हजारांत एकेकच, पण मुलांचं आयुष्य पुढे पडलंय, पेशी भराभर वाढतात, म्हणून पोरगं पाळण्यातून पडलं की लगेच सीटीचा हट्ट करू नका, आधी डॉक्टरला बघू द्या.

दगडफोड्या (सोमवार, रात्री ९.५५)

खंब्याचं उदाहरण पटलं. बाकी मी अजून माझ्या मताचाच.

रात्रीचा_पानठेला (सोमवार, रात्री १०.३०)

सगळं झालं पण टॉवरचं कोणी बोललं नाही. आणि कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेत युरेनियम आहे म्हणतात, त्याचं काय बाप्पा?

दगडफोड्या (सोमवार, रात्री १०.४६)

राखेत आहे, कोळशात मुळातच चिमूटभर असतं, कोळसा जळून गेला की जे जळत नाही ते राखेत गोळा होतं, तरी मात्रा साधारण माती-दगडाच्या जवळपासची. राखेची भीती धरायचीच तर फुफ्फुसात जाणाऱ्या बारीक धुळीची धरा, ती खरी. टॉवरचे किरण इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीचेच नसतात, त्याला आयन करणं म्हणतात, तो रेडिओच्या घराण्यातला आहे, एक्सरेच्या नाही. जास्तीत जास्त गरम करतो.

आता तुम्ही सांगा, दिवसाला किती खर्रे, तंबाखू-सुपारीचे?

रात्रीचा_पानठेला (सोमवार, रात्री १०.५१)

तीन. कधी चार. तुम्हाला कसं कळलं बे.

अंधारखोली (सोमवार, रात्री १०.५७)

नावावरून 😄 राजेहो, हा माणूस १२०-३०० तंबाखूची पुडी तोंडात धरून टॉवरला घाबरून राहिला. तंबाखूला घाबर ना बाबा.

मानेवाडा_ताई (मंगळवार, सकाळी ११.१५)

हसताय पण मला नाही हसू आलं. आमच्या ह्यांना २२ वर्षांचा खर्रा, गालाचा कॅन्सर, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन आणि मग लाईट. आमच्याकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात, वॉर्डातही सगळे "तुमचे किती लाईट झाले" असंच विचारतात. ३३ लाईट, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा आठवडे. चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिकचा मास्क, गरम पाण्यात मऊ करून त्यांच्याच तोंडावर बसवलेला, त्यावर रंगीत खुणा. मशीनवर पाच-दहा मिनिटं, काहीच लागत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघालं, वरण गाळून पाजायचे, चव गेली, मान काळी पडली, थुंकी आटली ती अजून पूर्ण आली नाही, रात्री उशाशी पाण्याची बाटली लागते.

मला त्रास कशाचा झाला सांगू? घरमालकिणीनं तिच्या नातीला सांगितलं, काकांजवळ जायचं नाही, त्यांच्या अंगातून किरण येतात. पोरगी रोज यायची ती बंद. हे दारात बसून वाट बघायचे. डॉक्टर साहेब, खरंच येतात का हो किरण?

काळं_पांढरं (मंगळवार, दुपारी १.०५)

ताई, अजिबात नाही. बाहेरून मशीननं दिलेल्या लाईटनं माणूस किरणोत्सारी होत नाही. मशीन बंद, विषय संपला. त्या बाईंना हा धागा दाखवा, नाही तर नुसतं माझं नाव सांगा.

घरी जपावं लागतं ते वेगळ्या प्रकारात, जिथं औषधच किरणोत्सारी असतं. थायरॉईडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ पाजतात, त्याचं अर्धं आयुष्य ८ दिवसांचं (तेवढ्यात ते निम्मं होतं), म्हणून मोठा डोस असेल तर वेगळ्या खोलीत ठेवतात, संडास-बाथरूमचे नियम पाळायला लावतात. पेट (PET) स्कॅनचं औषध मात्र ११० मिनिटांत निम्मं होतं, त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब बसलं की झालं.

आणि तुमच्या मिस्टरांचा हिशोब लोकांना चक्रावून टाकतो. ३३ लाईट गुणिले रोजचे २ ग्रे म्हणजे ६६ ग्रे. वर मीच म्हणालो की ४ ग्रेला निम्मी माणसं जातात. फरक असा की हे ६६ फक्त गालाच्या तेवढ्या भागाला, आणि रोज थोडं थोडं, म्हणजे रात्रभरात चांगल्या पेशी डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. शनिवार-रविवारची सुट्टी नुसती स्टाफसाठी नसते.

सौ_त्रिमूर्तीनगर (मंगळवार, दुपारी ३.४०)

माझंही लिहून टाकते. सात वर्षांपूर्वी नोकरीच्या मेडिकलसाठी छातीचा एक्सरे काढला, दहा दिवसांनी कळलं दिवस गेलेत. सासरी एकच गोंधळ, मोठ्या जाऊबाई म्हणाल्या वाकडं-तिकडं मूल होईल, पाडून टाक. मी चार रात्री जागी. शेवटी डॉक्टर मॅडमनी वहीवर लिहून दाखवलं की छातीच्या एक्सरेत गर्भाला पोचतं ते ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी, आणि धोका जिथून धरतात ते १०० मिलिग्रे. दहा हजार पट! कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, ज्यानं विचारलं त्याला काढून दाखवायचे. आता तो कागदवाला पोरगा पहिलीत आहे आणि वर्गात सगळ्यात जास्त बडबड करतो अशी तक्रार आहे.

अंधारखोली (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

वहिनी, बरं झालं तुम्ही कागद ठेवला. दारावर पाटी असते, गरोदर असाल तर आधी सांगा, पण बायका सासूसमोर बोलत नाहीत, म्हणून मी नेहमी सासूला बाहेर बसवून विचारायचो. पोटाचा सीटी असेल तर मात्र खरंच विचार करावा लागतो, तिथं गर्भाला मात्रा जास्त पोचते, आणि आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदू घडत असतो.

अजून एक, ऍप्रनवरून लोक आमच्याशी भांडतात. "तुम्ही स्वतः शिशाच्या मागे लपता आणि आम्हाला देत नाही." अहो, आम्ही दिवसाला ऐंशी काढतो, तुम्ही वर्षातून एक. आणि पेशंटला ऍप्रन झाकायची पद्धत मोडीत निघून राहिली, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेनंच सांगितलं की बंद करा. कारण आत जे किरण विखुरतात ते शरीराच्या आतूनच जातात, वरचं शिसं त्याला अडवत नाही, आणि ऍप्रनचा कोपरा चित्रात आला की मशीनला वाटतं समोर जाड माणूस आहे, ते आपोआप डोस वाढवतं, किंवा पाहिजे तोच भाग झाकला जातो आणि परत एक्सरे काढावा लागतो. परत काढणं हाच खरा पाप. माझ्या हिशोबानं पेशंटला फुकटचं रेडिएशन मिळतं ते मशीनमुळे कमी आणि "हललात, परत काढू", "फिल्म आणली नाही, परत काढू" यामुळे जास्त.

आणि ज्यांना वाटतं रेडिएशन म्हणजे नुसती अफवा, त्यांनी २०१० चं दिल्लीचं मायापुरी आठवा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी फोडलं, चकचकीत तुकडे हातोहात फिरले. कातडी काळी पडली, केस गेले, उलट्या, एक जण गेला. तिथं कोणाला ४५० त एक वगैरे सांगावं लागलं नाही. म्हणून भंगारात तीन पाती असलेलं पिवळं चिन्ह दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

काळं_पांढरं (मंगळवार, रात्री १०.१०)

दिघोरीवाले, मूळ प्रश्न राहूनच गेला. माझं मत, तुमच्या सर्जनला न दुखावता एवढंच विचारा: "सर, लक्षणं नाहीत, तर सोनोग्राफी आणि एक साधा केयूबी एक्सरे करून भागेल का?" केयूबी म्हणजे किडनी, मूत्रनळ्या आणि मूत्राशय. सोनोग्राफीत किरण नसतातच, आवाजाच्या लहरी. केयूबी एक्सरे १ मिलिसिव्हर्टच्या आतबाहेर. कॅल्शियमचा खडा एक्सरेत दिसतो, युरिक ऍसिडचा दिसत नाही, म्हणून काढलेल्या खड्याची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट न्या. आणि ते म्हणाले की नाही, सीटीच हवा, तर कारण ऐकून घ्या, कारण असेल तर करा, फक्त "लो डोस केयूबी" असं चिठ्ठीवर लिहून मागा, तो ३-४ मध्ये होतो. गरजेचा सीटी टाळून किडनी गमावलेली माणसंही मी बघितलीत. तुमच्या आईंचा पहिला सीटी शंभर टक्के गरजेचा होता, तिसरापण. दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.

रात्रीचा_पानठेला (मंगळवार, रात्री ११.४०)

आज दोनच खाल्ले. नोंद असावी.

दिघोरी_नाका (शनिवार, दुपारी १२.२०)

अपडेट. सर्जनना विचारलं, वाटलं चिडतील, पण ते म्हणाले "हो चालेल ना, काढलेला खडा कॅल्शियमचाच होता", आणि चिठ्ठीवरचं सीटी खोडून सोनोग्राफी प्लस केयूबी लिहून दिलं. इतकं सोपं होतं. विचारलंच नसतं तर झालाच असता चौथा. काल दोन्ही झाले, काही राहिलेलं नाही, दिवसाला तीन लिटर पाणी प्या म्हणाले. आईनं एक्सरेवाल्या पोराला विचारलं, "हे चारशेतलं एकच हाय ना?"

आता खरी बातमी. अधिक महिन्याचं दान काढायला म्हणून आईनं काल देवघराखालचा खण उघडला, तर पंचांगाच्या खाली, लाल कपड्यात गुंडाळलेली, पहिल्या हॉस्पिटलची सीडी! हॉस्पिटलनं डिस्चार्जच्या दिवशी दिलीच होती. बाबांनी आईकडे दिली, "सांभाळून ठेव, पैशाची वस्तू आहे", आणि आईनं ती जिथं पैशाच्या वस्तू ठेवते तिथंच ठेवली. मार्चपासून आम्ही त्या हॉस्पिटलला शिव्या घालून राहिलो. मी विचारलं, आई, आम्ही चार महिने सीडी सीडी करत होतो तेव्हा काहून नाही बोललीस? तर म्हणते, "तुम्ही सीडी म्हणत होते, मले वाटलं पिच्चरची. हे तं रिपोर्ट हाय."

काळं_पांढरं (शनिवार, दुपारी १.००)

😶 १० मिलिसिव्हर्ट, लाल कपड्यात.

अंधारखोली (शनिवार, दुपारी १.१२)

दादा, आता तरी ती मोबाईलमध्ये नाही तर पेन ड्राईव्हमध्ये कॉपी करून ठेवा, तिन्ही सीटीच्या. आणि डॉक्टरांनी म्हटलं ते डोसचं पान बघा त्यात.

दिघोरी_नाका (शनिवार, दुपारी १.३०)

तेच करायला बसलो होतो काका. घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी ड्राईव्ह नाही. कोणाकडे आहे का, सक्करदरा-दिघोरी साईडला?

रात्रीचा_पानठेला (शनिवार, दुपारी १.३४)

माझ्याकडे आहे, जुना पीसी. या ठेल्यावर. चहा पाजतो, खर्रा नाही.